अंजिरावरचा पांढरा थर: साखर की बुरशी?

दिवाळीत भेट आलेल्या सुक्या मेव्याची खोकी फडताळात पडून राहतात. एक दिवस डबा उघडला की अंजिरावर पांढरट काहीतरी दिसते. ‘पुसून घे, तुपात परतलं की काही होत नाही,’ असे घरातले कोणीतरी सांगते आणि तेच अंजीर बाळंतिणीच्या लाडवात जाते. इथेच थांबायला हवे.

हा थर दोन प्रकारचा असतो. अंजीर, मनुका यांतली साखर कालांतराने वर येऊन तिचे कण तयार होतात. ते बोटाला खरखरीत लागतात आणि कोमट पाण्यात विरघळतात. असे फळ खायला हरकत नाही. बुरशी मात्र कापसासारखी तंतुमय किंवा भुकटीसारखी असते. तिचा रंग कधी हिरवट, कधी काळपट असतो, वास कुबट येतो आणि ती पाण्यात विरघळत नाही.

बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असून कर्करोगालाही कारणीभूत ठरते. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच विषामुळे. घरातल्या परतण्या-शिजवण्याने हे विष पुरेसे नष्ट होत नाही. म्हणून बुरशीचे फळ धुऊन, कापून वापरू नये, टाकून द्यावे. त्याला चिकटलेली फळेही टाकावीत. अंजीर नेहमी फोडून, आत पाहूनच वापरावे.

ताज्या द्राक्षात सुमारे 80 टक्के पाणी असते, तर बेदाण्यात साधारण 15 टक्के. पाणी कमी आणि साखर दाट, म्हणूनच तो टिकतो. आपल्या पावसाळी हवेत तो पुन्हा ओलावा शोषतो आणि बुरशीचे फावते. त्यामुळे सुका मेवा कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवावा. चमचा कोरडा असावा. पावसाळ्यात बरणी फ्रिजमध्ये ठेवावी, पण बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. थंड फळांवर हवेतली वाफ जमते. बरणी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. अक्रोड-बदाम वेगळे ठेवावेत. त्यांतले तेल उष्णतेने खवट होते.

स्वयंपाकातही थोडे भान हवे. भिजवलेली खारीक किंवा जर्दाळू फ्रिजमध्ये ठेवून दिवसभरात संपवावे. जर्दाळू आंबट असते, उकळत्या दुधात घातल्यास दूध फाटते. खीर गार झाल्यावरच ते घालावे. लाडू पूर्ण थंड झाल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नये, आत वाफ धरते.

सोनेरी बेदाणे आणि केशरी जर्दाळू यांचा रंग टिकवण्यासाठी बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. त्यांनी धुरी न दिलेली, काळपट-तपकिरी फळे निवडावीत. बेदाण्याच्या वजनात जवळपास दोन तृतीयांश साखरच असते. मधुमेहींनी मूठभर नव्हे, मोजून खावेत आणि शिऱ्यात बेदाणे घातले तर साखरेचा हात आखडता घ्यावा.

महागाचा मेवा टाकताना जीवावर येते, हे खरे. म्हणून थोडा आणावा, तारीख लिहून ठेवावा आणि वेळेत संपवावा.