जगाला दिलेले वचन आणि घरचा न्याय

दहशतवादाविरुद्धच्या जागतिक आघाडीत भारताचा शब्द आज वजनाने ऐकला जातो, यात शंका नाही. सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीचे अध्यक्षपद आपणाकडे असता २०२२ च्या ऑक्टोबरात तिची बैठक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात, २००८ साली जेथे रक्त सांडले त्याच वास्तूत, भरविण्यात आली. तहव्वूर राणा यास २०२५ च्या एप्रिलात अमेरिकेने आपल्या स्वाधीन केले, तेही याच चिकाटीचे फळ होय.

परंतु बाहेर दिलेल्या वचनांची वसुली घरात होत असते. २००१ सालच्या ठराव क्रमांक १३७३ ने सर्व राष्ट्रांवर कडक कायद्यांचे बंधन घातले. आपल्याकडे २००२ साली ‘पोटा’ आला. २००४ साली तो गेला खरा, पण त्यातील बराच भाग बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात येऊन बसला. २००८ च्या दुरुस्तीने आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याची मुभा मिळाली आणि जामीन दुर्मिळ झाला.

एवढी हत्यारे हाती आल्यावर खटले तरी टिकावयास हवे होते! पुण्याच्या जर्मन बेकरीत २०१० साली १७ जण बळी पडले. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीस उच्च न्यायालयाने २०१६ साली कटाच्या आरोपातून मुक्त केले, स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी राहिली. २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेले सर्व १२ जण २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयात निर्दोष ठरले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पण ज्यांची माणसे गेली, त्यांनी खरा गुन्हेगार कोण हे कोणास विचारावे?

खटला ढासळला तरी संशय मात्र शाबूत राहतो. आमच्या पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात तो भाड्याच्या खोलीच्या दारात भेटतो. कारखान्यात कामास आलेल्या परप्रांतीय तरुणाची घरमालकाने पोलिसांत नोंद करावी, हे रास्तच आहे. तथापि नोंद करणे वेगळे आणि नाव ऐकताच खोली नाकारणे वेगळे. हे दुसरे काम सरकार सांगत नाही; आमच्यासारखे सुशिक्षितच ते आपल्या सोसायट्यांतून बिनबोभाट करीत असतात.

सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. राष्ट्रीय अन्वेषण संस्थेच्या २००८ च्या कायद्यात विशेष न्यायालयाने कामकाजाच्या प्रत्येक दिवशी खटला चालवावा असे स्पष्ट म्हटले आहे. निदान राणाच्या खटल्यात तरी ते कलम अक्षरशः पाळले जावे.