गुलामांचा व्यापार आणि कोंगोचे राजे

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांदरम्यान सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी नागरिकांना अटलांटिकपार नेणाऱ्या जहाजांवर चढविण्यात आले. या व्यापारात आफ्रिकी राज्यकर्त्यांची भूमिका दुहेरी होती. कोंगोचे राजे पहिले अफोन्सो हे त्याचे ठळक उदाहरण होय. युद्धकैद्यांची विक्री त्यांना मान्य होती. मात्र पोर्तुगीज मालाच्या मोहापायी स्वतंत्र प्रजाजन, सरदारपुत्र आणि राजाचे आप्तही पळविले जाऊ लागले. १५२६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे पत्राद्वारे तक्रार केली. विकला जाणारा माणूस रीतसर गुलाम आहे की पळवून आणलेला, हे तपासण्यासाठी अधिकारीही नेमले. तरीही व्यापार वाढतच गेला. १६६५ मध्ये पोर्तुगिजांकडून पराभव झाल्यावर कोंगोत यादवी माजली आणि त्यात पकडलेले स्वतंत्र प्रजाजनच गुलाम म्हणून विकले गेले.