बोरिवलीची मुसळी

थंडी पडली की मुसळीपाकाच्या बरण्या दुकानात पुढे येतात. त्यातली मुख्य वनस्पती पश्चिम रेल्वेच्या एका स्टेशनचं नाव मिरवते, हे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश जेझुइट फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुखही होते. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पहिल्या पावसानंतर बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांच्या बाजूच्या कातळावर, जिथे मातीचा जेमतेम थर असतो, तिथे मुसळीची पात जमिनीलगत पसरते. मधून दांडा निघतो, त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं येतात. खरी ओळख मात्र मातीखाली. बोरिवलीच्या जातीत जाड, मांसल मुळ्या खोडाच्या चकतीलाच थेट चिकटलेल्या असतात; ट्यूबरोसम या भावंडाचे कंद दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लोंबतात. घराघरांत कुंडीत वाढणारं स्पायडर प्लांटही याच प्रजातीतलं.

मुंबईकर या प्रजातीला ओळखतो तो फोडशी म्हणून. जून-जुलैत बोरिवली, मुलुंडच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, टाकळा आणि फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात. पातीच्या बेचक्यात माती अडकते, म्हणून भाजी तीन-चार पाण्यांतून काढायची, मधला कडक दांडा टाकायचा आणि कांदा, भिजवलेली मूगडाळ घालून परतायची. पात खुडली तर मुळं जमिनीत राहतात, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतात. औषधासाठी मुळंच उपटली की रोप संपलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर खुडायलाही कायद्याने मनाई आहे.

म्हणून लागवड. ती दिसते तितकी सोपी नाही. बी फार कमी रुजतं, त्यामुळे मुळीच लावायची, आणि प्रत्येक मुळीला चकतीचा डोळ्यासह तुकडा हवाच. नुसती मुळी कितीही जाड असो, फुटत नाही. भुसभुशीत माती, उंच गादीवाफे, पाण्याचा निचरा. पाणी साचलं की मुळ्या कुजतात. सोलून वाळवल्यावर पाच किलो ओल्या मुळ्यांची जेमतेम किलोभर मुसळी उरते. हे गणित न सांगता साधारण २००० सालाच्या आसपास बियाणं महाग विकणारे आणि 'माल आम्हीच घेऊ' म्हणणारे महाराष्ट्रात बरेच फिरले. खरेदीची वेळ आली तेव्हा त्यातले अनेक सापडले नाहीत.

गुण? आयुर्वेद तिला बल्य आणि वाजीकर मानतो. चूर्ण दुधातून देतात. प्रयोगशाळेतला पुरावा बराचसा उंदरांवरचा आहे, तेव्हा 'हर्बल व्हायाग्रा' वगैरे जाहिराती मला फाजील वाटतात. शिवाय बाजारात सफेद मुसळी म्हणून शतावरीच्या प्रजातीतली मुळंही विकली जातात. मधुमेहाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारून घ्यावं.

उन्हाच्या गॅलरीत, खोल कुंडीत एखादं रोप जगतं. पावसाळा संपला की त्याची पात पिवळी पडून वाळते. रोप मेलेलं नसतं. मुळ्या मातीतच पक्व होत असतात, त्या जानेवारीच्या सुमाराला काढायच्या. नेमकं याच दिवसांत घाबरून लोक रोज पाणी घालतात आणि त्या कुजवतात.