झाकलेले ताट आणि शेजारधर्म

गणेशचतुर्थीला उकडीचे मोदक, ईदला शिरखुर्मा आणि नाताळला नेवऱ्या, दोदोल व केक. सणासुदीला रुमालाने झाकलेली अशी ताटे रत्नागिरीत एका घरातून दुसऱ्या घरी जातात. आपण यास शेजारधर्म म्हणतो. ख्रिस्तसभेने यास आणखी एक नाव दिले आहे. १९९१ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'सुसंवाद आणि घोषणा' या दस्तऐवजात आंतरधर्मीय सुसंवादाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिला आहे जीवनाचा सुसंवाद, म्हणजेच भिन्नधर्मीयांनी शेजारी या नात्याने एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी होणे. विद्वानांची धर्मचर्चा सर्वांना जमेलच असे नाही. हा सुसंवाद मात्र प्रत्येक कुटुंबाला साधण्याजोगा आहे.

आपल्या ताटातच या सुसंवादाचा इतिहास वाढलेला असतो. मिरची, बटाटा व काजू हे मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांच्या काळात ते आपल्या किनाऱ्यावर आले. आज मिरचीवाचून कोकणातील एकही आमटी होत नाही. आंबा मूळचा आपलाच. परंतु 'हापूस' हे नाव अफोन्सो दि अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीच्या नावावरून आले, असे मानले जाते. २०१८ साली ज्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या रत्नागिरीच्या अभिमानाच्या फळाचे नावही असे परक्याकडून आलेले आहे! तांदळाचेही तसेच. कोकणात तांदळाच्या रव्यात फणसाचा रस घालून सांदणे वाफवतात, तर गोव्यातील ख्रिस्ती घरांत माडाची सूर घालून फुगवलेले सान्ना होतात. पदार्थ निराळे, पण धान्य एक आणि नावेही जवळची.

तथापि चव घेणे म्हणजे ओळख होणे नव्हे. ऋषिपंचमीची भाजी कोणालाही रुचकर लागेल. परंतु बैलाच्या श्रमाचे काहीही त्या दिवशी खायचे नाही, म्हणून ती अशी करतात, हे शेजारीणच सांगू शकते. नवान्न पौर्णिमेला शेजाऱ्याच्या दारावर भाताच्या लोंब्या बांधलेल्या दिसतात. गोव्यातील ख्रिस्ती बांधवही नव्या कणसांवर चर्चमध्ये आशीर्वाद मागतात. नव्या पिकाबद्दलची कृतज्ञता दोन्हीकडे आहे, हे मैत्री असल्यावाचून उमगत नाही.

एकत्र जेवणे वाटते तितके सोपे नाही. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभारले. त्या काळात येथे स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी सर्व जातींची सहभोजने घडवून आणली. एका पंगतीत बसणे हीच तेव्हा मोठी सुधारणा होती. आरंभीची ख्रिस्तसभाही या कसोटीतून गेली. योप्पा येथे दर्शन मिळाल्यावर संत पेत्र परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी गेला. पण पुढे अंत्युखियात, लोक काय म्हणतील या भीतीने, तो परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून गेला. संत पौलाने त्याला तोंडावर जाब विचारला. पंगत सोडणे ही पौलाच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हती; त्यामुळे शुभवर्तमानाच्या सत्यालाच बाध येत होता.

आजही आहारावरून माणसे एकमेकांपासून दुरावतात. घर भाड्याने देतानाही स्वयंपाकघराची चौकशी होते. अशा वेळी आपण काय करावे? नाताळचे ताट पाठवताना केकमध्ये अंडी वा रम आहे काय, हे स्पष्ट सांगावे. शाकाहारी आणि मुसलमान शेजाऱ्यांसाठी निराळी बशी भरावी. श्रावणात, रमजानमध्ये कोण काय वर्ज्य करतो, हे आपुलकीने विचारावे. आपल्या उपवासकाळाचा अर्थही सांगावा. नैवेद्याच्या प्रसादाविषयी मनात शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. मात्र शंकेपोटी ताट घेऊन आलेल्या माणसालाच दारातून परत पाठवू नये.

प्रभू येशूने शिष्यांना गावोगावी पाठवताना, लोक जे वाढतील ते खावे, असे सांगितले होते. देणारा होण्यापूर्वी पाहुणा होण्याची नम्रता त्यात आहे. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ती पाळताना ताटाबरोबर घटकाभर वेळही द्यावा, उंबरठ्यावर न थांबता आत जाऊन बसावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.