खेळ थिजतो तेव्हा दोष कुणाचा?

संगणकावरील खेळ ऐन रंगात आलेला असतो आणि पडदा अचानक थिजतो. शेवटचा आवाज अडकलेल्या तबकडीसारखा फिरत राहतो, माऊस हलत नाही, की-बोर्ड प्रतिसाद देत नाही. शेवटी पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. काही वेळा तेवढीही उसंत मिळत नाही. पडदा काळा होतो आणि यंत्र आपणहून पुन्हा सुरू होते. महिन्यातून एकदा असे घडले तर कुणी मनावर घेत नाही. रोज घडू लागले की आधी खेळावर, मग ग्राफिक्स कार्डावर आणि अखेरीस दुकानदारावर संशय येतो. दुकानात यंत्र नेल्यावर पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारूया.’ विंडोज नव्याने घातली जाते, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पडदा पुन्हा थिजतो.

या दुखण्याची अडचण अशी की लक्षण एक आणि कारणे अनेक. त्यातही संगणक स्वतः जो संदेश दाखवितो तो पुष्कळदा भलत्याच भागाकडे बोट दाखवितो. त्यावर विसंबून सुटे भाग बदलणाऱ्याचे हजारो रुपये वाया जातात आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण. ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण त्या पिढ्यांचे प्रोसेसर अजून असंख्य घरांत चालू आहेत.

तेरावी पिढी ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि चौदावी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आली. २०२४ च्या प्रारंभी ‘टेकन ८’, ‘फोर्टनाइट’, ‘हॉगवर्ट्स लेगसी’ यांसारख्या, अनरिअल इंजिनवर उभारलेल्या खेळांविषयी एकसारख्या तक्रारी वाढू लागल्या. खेळ सुरू होताना शेडर, म्हणजे दृश्यातील प्रकाश, छाया आणि रंग यांचे गणित करणाऱ्या छोट्या आज्ञावली, तयार होत असतात. नेमक्या त्या वेळी खेळ कोसळे आणि ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येई. तक्रार करणाऱ्यांत २४ गिगाबाइट मेमरीचे, त्या वेळचे सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड बाळगणारेही होते. त्यांना मेमरी अपुरी पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही संदेशात ग्राफिक्स मेमरीचे नाव होते, म्हणून कित्येकांनी कार्डच बदलून पाहिले.

प्रत्यक्षात चूक प्रोसेसरकडून होत होती. आधुनिक खेळाचा मजकूर डिस्कवर दाबून, संकुचित स्वरूपात ठेवलेला असतो. तो उलगडण्याचे काम प्रोसेसरचे सर्व गाभे एकाच वेळी पूर्ण वेगाने करतात. असे काम चुका अजिबात खपवून घेत नाही. एखादा बिट जरी उलटा पडला तरी पुढचा सारा मजकूर निरर्थक होतो. खेळ मग तो बिघडलेला मजकूर ग्राफिक्स कार्डाकडे पाठवितो, तेथे काम फसते आणि इंजिन आपल्या समजुतीप्रमाणे मेमरीच्या नावाने बोल लावते. असा मजकूर उलगडणारी ‘ऊडल’ ही प्रणाली बनविणाऱ्या रॅड गेम टूल्सने आपल्या टिपणात हेच सांगितले होते की दोष आपल्या प्रणालीत नसून यंत्राच्या पातळीवर आहे. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेही अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना इंटेलकडे वळविले.

प्रथम संशय मदरबोर्ड उत्पादकांवर गेला. अनेक बोर्ड प्रोसेसरला विजेची मर्यादा जवळपास मोकळी सोडून देत असत. पण ती मर्यादा घालूनही सर्वांचा त्रास थांबला नाही. अखेर जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरच्या आतील मायक्रोकोडमधील दोषामुळे प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरमध्ये मूळ कारणाचा खुलासा झाला. गाभ्याच्या सर्व भागांना एका तालात ठेवण्यासाठी घड्याळाचे ठोके पोहोचविणारे एक मंडल असते. चढे व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे हे मंडल अकाली जुने होत होते. परिणामी, नवा असताना जो प्रोसेसर ठरावीक व्होल्टेजवर बिनचूक चाले, त्यालाच काही महिन्यांनी त्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज लागू लागे. ते मिळाले नाही की गणित चुके.

म्हणूनच हा विकार पहिल्या दिवशी दिसत नसे. यंत्र सहा महिने वा वर्षभर उत्तम चाले, मग आठवड्यातून एकदा खेळ कोसळे, मग रोज. ‘कालपर्यंत चालत होते, म्हणजे यंत्र ठीक आहे, खेळाच्या नव्या अपडेटने घोळ केला’ हा स्वाभाविक वाटणारा तर्क येथे नेमका फसतो.

उपाय म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये ‘०एक्स१२९’ आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये ‘०एक्स१२बी’ हा सुधारित मायक्रोकोड आला. सलग अनेक दिवस हलक्या कामावर चालू राहणाऱ्या संगणकांसाठी २०२५ मध्ये ‘०एक्स१२एफ’ ही आणखी एक दुरुस्ती निघाली. ही दुरुस्ती मदरबोर्डाच्या बायोसमधून मिळते. मात्र ती पुढील झीज रोखते, झालेली झीज भरून काढीत नाही. अपडेटनंतरही खेळ कोसळत राहिला तर तो प्रोसेसर बदलून घेणे एवढाच मार्ग उरतो.

असा प्रोसेसर बाधित आहे की नाही, याची घरच्या घरी करता येणारी एक चाचणी आहे. आय-९ १३९००के वा १४९००के यांसारख्या प्रोसेसरच्या मोठ्या गाभ्यांचा गुणक बायोसमध्ये किंवा इंटेलच्या एक्सटीयू या साधनात ५५ वरून ५३ वर, म्हणजे वेग ५.५ वरून ५.३ गिगाहर्ट्झवर आणावा. एवढ्यानेच रोज कोसळणारा खेळ आठवडाभर नीट चालला, तर संशय पक्का धरावा. हा उपचार नव्हे, निदान आहे. इंटेलच्या म्हणण्यानुसार हा दोष ६५ वॅट वा अधिक मूळ क्षमतेच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपुरता आहे; लॅपटॉपमधील प्रोसेसर त्यात येत नाहीत.

अर्थात बहुसंख्य वाचकांच्या यंत्रात हे प्रोसेसर नसतील. त्यांच्या बाबतीत दोष दुसरीकडे असतो, पण शोधण्याची रीत तीच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुरेसा काळ वाट पाहायची. एकाच संध्याकाळी ड्रायव्हर, बायोस आणि मेमरीची सेटिंग बदलणाऱ्याला खेळ सुधारला तरी कशामुळे सुधारला हे कधीच कळत नाही.

आधी बिघाडाची जात ओळखावी. फक्त खेळ बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, निळा पडदा येतो, सारे यंत्र थिजते, की वीज गेल्यासारखे यंत्र पुन्हा सुरू होते? विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ दिवसागणिक नोंदी दाखवितो आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’ त्याहून तपशील देतो. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून पुष्कळजण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. वस्तुतः ती नोंद एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. का, ते सांगत नाही. बटण दाबून यंत्र बंद केले तरीही तीच नोंद होते. त्याउलट ‘व्हिया-लॉगर’ या नावाची नोंद दिसली तर ती गंभीर समजावी, कारण ती हार्डवेअरने स्वतः कळविलेली चूक असते. ‘४१०१’ ही नोंद ग्राफिक्स ड्रायव्हरची. ग्राफिक्स कार्डाने मूळ ठरवणीप्रमाणे दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू करते, तेव्हा ती उमटते.

उष्णतेला या बाबतीत वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. हल्लीचे प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की कोसळण्याऐवजी आपला वेग कमी करतात; खेळ अडखळतो, मरत नाही. तरीही गोव्यातील एप्रिल-मेच्या दिवसांत वातानुकूलन नसलेल्या खोलीत कॅबिनेटची धूळ काढणे आणि एकदा बाजूचे झाकण उघडून समोर टेबलफॅन लावून पाहणे फुकटात होते. त्याने फरक पडला तर उत्तर मिळाले.

वीज हा अधिक खरा गुन्हेगार. ग्राफिक्स कार्डे क्षणार्धासाठी आपल्या नेमून दिलेल्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक वीज खेचतात. जुना किंवा स्वस्तातला पॉवर सप्लाय त्या क्षणी स्वतःला बंद करून घेतो आणि निळा पडदा न येता यंत्र विझते. घराघरांत दिसणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच पेलतो. मोठे कार्ड असलेल्या संगणकाला तो पुरत नाही आणि संरक्षण देण्याऐवजी स्वतःच घात करतो. कार्डाला दोन जोडण्या लागत असतील तर एकाच दुहेरी केबलऐवजी दोन स्वतंत्र केबली वापराव्यात. चाचणी म्हणून खेळाचा फ्रेम-रेट ६० वर बांधावा किंवा ‘आफ्टरबर्नर’सारख्या साधनाने कार्डाची विद्युत मर्यादा ७५ टक्क्यांवर आणावी. त्यानंतर यंत्र विझणे थांबले तर शोध वीज आणि उष्णता यांच्यापुरता मर्यादित होतो.

रॅमच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. पाकिटावर छापलेला वेग हा ‘एक्सएमपी’ वा ‘एक्स्पो’ चालू केल्यावरचा, म्हणजे मूळ मानकाच्या पलीकडे ताणलेला वेग असतो. विशेषतः डीडीआर-५ च्या चार पट्ट्या बसविल्यास तो प्रत्येक यंत्राला झेपतोच असे नाही. हे सेटिंग बंद करून काही दिवस खेळून पाहावे. ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक निघाली तर ती क्षम्य मानू नये.

यांतले काहीच लागू पडले नाही तर मात्र सॉफ्टवेअरकडे वळावे : स्टीममधून खेळाच्या फाइलींची पडताळणी, ‘डीडीयू’ने जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा किंवा आधीचा बसविणे, पडद्यावर चढणारे ओव्हरले बंद करणे. कधी चूक चक्क विंडोजचीही असते. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर युबिसॉफ्टचे ‘असॅसिन्स क्रीड व्हलहाला’, ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ आदी खेळ थिजू लागले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते खेळ असलेल्या संगणकांवर ते अपडेट काही काळ रोखून धरले होते. तेथे वापरकर्त्याने कितीही भाग बदलले असते तरी उपयोग नव्हता.

बायोस अपडेट करणाऱ्यांनी मदरबोर्डाचे अचूक मॉडेल आणि आवृत्ती पाहूनच उत्पादकाच्या संकेतस्थळावरून फाइल घ्यावी. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळत असताना यूपीएसशिवाय हे काम करू नये. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होण्याचा धोका असतो. अपडेटनंतर जुनी सेटिंग पुसली जातात, तेव्हा मेमरीचे सेटिंग पुन्हा पाहून घ्यावे.

इंटेलच्या बाधित प्रोसेसरांची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवून खरेदीच्या तारखेपासून पाच वर्षांची केली आहे. सुटा, पेटीबंद घेतलेला प्रोसेसर असेल तर दावा इंटेलकडे करता येतो. तयार संगणकासोबत आलेला असेल तर ज्याने संगणक बनविला त्याच्याकडे जावे लागते. दोन्ही ठिकाणी तारखेचे बिल लागते. २०२२ च्या अखेरीस घेतलेल्या प्रोसेसरची ही मुदत २०२७ च्या अखेरीस संपते.