महासीराची मृगया : साधनें आणि नीतिविचार

मोठा मासा गळानें धरावा, त्याचें वजन करावें आणि तें आपल्या नांवावर लिहून ठेवावें, हा छंद दक्षिण हिंदुस्थानांत दीडशें वर्षांपासून चालत आला आहे. त्याचा मुख्य विषय म्हणजे महासीर हा गोड्या पाण्यांतील मासा. महासीराच्या अनेक जाति आहेत. त्यांपैकीं कावेरीच्या खोऱ्यांतील, पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेली जाति सर्वांत मोठी, व आज तीच निर्वंश होण्याच्या मार्गावर आहे. अशा माशाची मृगया नीतीस धरून आहे काय, हा प्रश्न वरवर पाहतां प्राणिशास्त्रज्ञांचा वाटेल. परंतु त्याचा निर्णय ज्या साधनांवर अवलंबून आहे, तीं शिलालेख, जुने ग्रंथ, शिकाऱ्यांच्या टिपणवह्या व छायाचित्रें अशा प्रकारचीं आहेत. म्हणून तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडणें आम्हांस उचित वाटतें.

१. प्राचीन निर्बंध व प्राचीन विनोद

अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यावर अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची यादी कोरलेली आहे. तींत शुक, सारिका, हंस यांच्याबरोबर कांहीं माशांचींहि नांवें आहेत. शिवाय तीन चातुर्मासी पौर्णिमा व तिष्य पौर्णिमा यांच्या वेळीं चतुर्दशी, पंचदशी व प्रतिपदा या दिवशीं, तसेंच उपोसथाच्या दिवशीं, मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत, असा त्यांत निर्बंध आहे. त्याच दिवशीं नागवन व केवटभोग, म्हणजे हत्तींचीं वनें व कोळ्यांचीं राखीव पाणीं, यांतील इतर जीवांचीहि हत्या वर्ज्य केली आहे. येथें हें लक्ष्यांत ठेविलें पाहिजे कीं, हा निर्बंध सरसकट नाहीं. कोणती जाति, कोणता काळ, व कोणतें स्थळ, असे तीन प्रश्न तो विचारतो. पुढील विवेचनांत आम्हीं हेच तीन निकष घेतले आहेत.

दुसऱ्या बाजूस, गळ टाकून मासा धरण्यांतला आनंद आमच्याकडे इंग्रजांनींच आणिला, हा समज टिकण्यासारखा नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, इ. स. ११३० च्या सुमारास, मत्स्यविनोद हें स्वतंत्र प्रकरण आलें आहे. माशांचे प्रकार, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें, त्यांस लालूच दाखविण्याचें खाद्य, गळाची दोरी व काठी, यांचें वर्णन तेथें आहे. राजाच्या विनोदांत या खेळाची गणना होत असे, एवढें यावरून निश्चित होतें.

याच भूमींत देवाचे डोह राखण्याचीहि चाल होती व आहे. महाड तालुक्यांतील काळ नदीवरील वाळण कोंड, वैतरणेवरील तिळसे, आणि तुंगेवरील शृंगेरी या ठिकाणचे मासे देवाचे समजले जातात. त्यांस खाऊं घालतात, धरीत नाहींत. म्हणजे विनोद आणि अभय हीं दोन्हीं आमच्या परंपरेंत शेजारीं शेजारीं नांदलीं आहेत. परंपरेच्या नांवानें एका पक्षाचा निकाल परस्पर लावतां येणार नाहीं.

२. नांवाचा घोटाळा

मुंबई सरकारच्या सेवेंत असलेल्या कर्नल साइक्सनें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पाण्यांतील एका महासीरास त्यानें येथील बोलींतल्या नांवावरून ‘खुद्री’ ही संज्ञा दिली. शिरूरजवळ घोड नदींत आढळलेल्या दुसऱ्या एका माशास त्यानें ‘मस्सुल्लह’ म्हटलें. हें दुसरें नांव पुढें कावेरीच्या वशिंडाच्या महासीरास चिकटविण्यांत आलें. वास्तविक साइक्सचा मासा महासीराच्या कुळांतला नव्हताच. एका दप्तराचें वेष्टन दुसऱ्या दप्तरावर चढावें, तसा हा प्रकार झाला.

परिणाम असा कीं, जगांतील शिकारी ज्याच्यासाठीं कावेरीवर येत, त्या माशास २०१८ सालापर्यंत निर्विवाद शास्त्रीय नांवच नव्हतें. त्या सालीं आनुवंशिक परीक्षेवरून तो आणि केरळांतील पांबार या कावेरीच्या उपनद्यांपैकीं एकींत पूर्वीं वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ हे एकच असल्याचें सिद्ध झालें, व त्याच सुमारास त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. ज्यास नांव नाहीं त्याच्या रक्षणाचा नियम लिहावयाचा कसा? वजनांची नोंद शंभर वर्षें कसोशीनें झाली. जातीची नोंद मात्र झाली नाहीं.

३. कावेरीच्या वह्या काय सांगतात

हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यांतील अधिकाऱ्याचें ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक १८७३ सालीं निघालें, आणि महासीराची कीर्ति इंग्रज शिकाऱ्यांत पसरली. कावेरीवर १९१९ सालीं रिव्हेट-कार्नाक यानें ११९ पौंडांचा मासा धरिला. १९४६ सालीं म्हैसूरच्या व्हान इंगेन घराण्यांतील एकानें १२० पौंडांचा, म्हणजे सुमारें ५४ किलोचा, मासा धरून तो विक्रम मोडला. व्हान इंगेन घराणें वाघबिबट्यांच्या कातड्यांत पेंढा भरून तीं सजीववत् उभीं करण्याच्या कलेबद्दल प्रसिद्ध होतें. त्या काळीं धरलेला मोठा मासा बहुधा मारलाच जाई.

या वर्गाच्या बाजूनेंहि कांहीं सांगण्यासारखें आहे. नदींत सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यानें मनाई केली, आणि हा विषय सरकारपुढें आणण्यांत थॉमससारख्या गळ टाकणाऱ्यांचा वांटा होता. पुढें १९७० नंतर कावेरीवर मासा धरून, तोलून, पुन्हां पाण्यांत सोडण्याची पद्धति रूढ झाली. शिकाऱ्यांच्या तळांवर स्थानिक माणसें वाटाडे व राखणदार म्हणून कामास लागलीं. त्यांत पूर्वीं चोरून मासे मारणारेहि होते. राखलेल्या टप्प्यांत सुरुंगांस आळा बसला.

या तळांपैकीं एका ठिकाणची १९९८ ते २०१२ या काळांतील वही पुढें संशोधकांनीं तपासली. २३,६२० तासांच्या श्रमांत ६,१६१ महासीर धरून सोडल्याची नोंद तींत आहे. माशांची संख्या त्या काळांत वाढत गेली, सरासरी वजन मात्र उतरत गेलें. जातवार पाहतां अर्थ उघड होतो. वाढला तो निळ्या परांचा महासीर. वशिंडाचा महासीर कमी होत होत दुर्मिळ झाला. वहींतील एकूण बेरीज पाहणारास नदी समृद्ध होत आहे असेंच वाटलें असतें.

हा निळ्या परांचा महासीर कोठून आला? तो दख्खनचाच, साइक्सचा खुद्री. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर १९७० नंतर त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली, आणि तेथील पिलें निरनिराळ्या प्रांतांतील नद्यांत सोडण्यांत आलीं. त्यांत कावेरीहि होती. आपल्या नद्यांतून नाहींशा होणाऱ्या माशास वांचविण्याचें हें काम स्तुत्य होतें. परंतु जी पिलें मुळेच्या पाण्यास परत आणणें योग्य, तींच कावेरींत परकीं ठरलीं, आणि तेथील मूळ रहिवाश्यास मागें रेटण्यास कारण झालीं, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्रांतील वाचकांनीं या प्रकरणाकडे तटस्थपणें पाहूं नये, याचें हें कारण.

२०१२ सालीं अभयारण्याच्या हद्दींतील गळाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारें बंद झाली. तिच्याबरोबर वह्याहि बंद झाल्या आणि तळांचे राखणदारहि गेले.

४. निर्णय

आतां वरील निकष लावून पाहूं. जातीच्या दृष्टीनें, जो मासा अतिसंकटग्रस्त आहे त्यास भिंतीवरील शोभेसाठीं मारणें कोणत्याहि युक्तिवादानें समर्थनीय नाहीं. काळाच्या दृष्टीनें, महासीर पावसाळ्यांत अंडीं घालतो. त्या दिवसांत त्यास धरून सोडणेंहि वर्ज्य मानावें. स्थळाच्या दृष्टीनें, जेथें दुसरें कोणी पाणी राखीत नाहीं तेथें नियमबद्ध शिकाऱ्यांस हांकलून दिल्यानें माशाचें रक्षण होतेंच असें नाहीं. परंतु जो शिकारी राखण करीत नाहीं व नोंद ठेवीत नाहीं, त्यास हा बचाव घेतां येणार नाहीं. तसेंच जाळें टाकून पोट भरणाऱ्या कोळ्यास चोर ठरवून विनोदासाठीं येणाऱ्यास रक्षक म्हणणें, हाहि न्याय नव्हे.

या तिहींस आम्ही चौथा निकष जोडतों, तो आकाराचा. मृगयेचा सारा रोंख सर्वांत मोठ्या माशावर असतो. हे मासे बहुधा माद्या असतात, व मोठी मादी लहान मादीपेक्षां पुष्कळ अधिक अंडीं घालते. शिवाय मोठा मासा गळाशीं फार वेळ झुंजतो व अधिक थकतो. सोडलेला मासा बहुधा जगतो, हें खरें. तथापि छायाचित्रासाठीं त्यास पाण्याबाहेर उचलून धरणें व कांट्यावर लटकविणें यास कांहीं प्रयोजन नाहीं. लांबी व घेर पाण्यांतच मोजून वजनाचा अंदाज बांधतां येतो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या संस्थानी वाड्यांत व घराण्यांच्या संग्रहांत शिकारीच्या वह्या, छायाचित्रें, पत्रें व पेंढा भरलेले मासे असण्याचा संभव आहे. त्यांत कोणत्या नदीवर, कोणत्या सालीं, कोणत्या आकाराचा व कोणत्या ठेवणीचा मासा मिळाला हें दिसतें, आणि पेंढा भरलेल्या कातड्यावरून आनुवंशिक परीक्षाहि कित्येकदां करतां येते. पूर्वीं नदींत काय होतें हें कळल्यावांचून तींत काय परत आणावयाचें हें ठरवितां येत नाहीं. तेव्हां हे जिन्नस क्षुल्लक समजून रद्दींत घालूं नयेत. स्थळ व साल यांच्या टिपणासह जतन करावे, व अभ्यासकांस पाहूं द्यावे.