नुसतं ‘जपून’ लिहून भागत नाही

लेकीने नव्या शहरात बिऱ्हाड थाटलं की तिला काय पाठवू नि काय नको, असं होऊन जातं. लोणच्याची बरणी, आजीच्या ठेवणीतले कपबशा... तुम्ही सगळं खोक्यात भरता, चिकटपट्टी लावता, वर लाल अक्षरांत ‘काच आहे, जपून’ लिहिता आणि निर्धास्त होता. चार दिवसांनी फोन येतो, ‘‘आई, एक कप फुटला गं!’’ भरपाई मिळेलही, पण आजीचा कप पुन्हा कुठून आणणार?

हमालांना दोष देण्याआधी त्या खोक्याचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. कुरियरच्या केंद्रात ते सरकत्या पट्ट्यावरून जातं, उतारावरून घसरतं, ट्रकमध्ये त्याच्यावर दुसरी जड खोकी चढतात. विमानतळावर चेक-इन केलेल्या बॅगेचंही तेच. पट्ट्याला अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून सामान पडणारच, असं धरूनच ते बांधा.

आंब्याची पेटी आठवा

हापूसच्या पेटीत तळाला पेंढा, दोन थरांमध्ये पेंढा आणि वरही पेंढा असतो. फळ जागचं हलत नाही, एकमेकांवर आदळत नाही. तुमचं खोकंही असंच भरा.

• प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा. कपाच्या पोकळीतही कागद भरा.

• बशा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. वरचा भार त्यांना जास्त चांगला पेलतो.

• वस्तू आणि खोक्याची भिंत यांच्यात सगळीकडून किमान दोन इंच मऊ भरण हवं.

• खोकं नवं, कोरडं घ्या. कोपरे दबलेलं किंवा ओल लागलेलं खोकं भार सोसत नाही.

• बरणीच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून ती दोन पिशव्यांत घाला.

• बंद करण्याआधी खोकं हलवून पाहा. आतून आवाज आला, तर आणखी भरण घाला.

विमानाने जाताना

काचेची वस्तू बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या घड्यांत ठेवा. चाकांजवळ किंवा कडेला नको. लॅपटॉप, कॅमेरा, दागिने आणि औषधं हातातल्या बॅगेतच असू द्या. पॉवर बँक तर चेक-इन बॅगेत ठेवायला मनाईच आहे. ‘नाजूक’ असा टॅग लावताना कधी कधी प्रवाशाची सही घेतात. त्या सहीमुळे कंपनीची जबाबदारी कमी होऊ शकते, म्हणून आधी मजकूर वाचा.

तरीही फुटलंच तर?

सामान बांधताना आणि बांधून झाल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॅग तुटलेली दिसली, तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करा आणि तिची प्रत घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात चेक-इन सामानाच्या नुकसानीची तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी करावी लागते. कुरियरने पाठवताना वस्तूची खरी किंमत नोंदवा आणि महागाची वस्तू असेल तर विमा उतरवा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढायला लेकीलाही सांगून ठेवा.

खोकं भरताना अर्धा तास जास्त लागेल, लागू द्या. मग पुढचा फोन येईल तो, ‘‘आई, आजीच्या कपातूनच चहा पितेय,’’ हे सांगायला.